छत्तीस दारं

लिफ्टला नाणं लागतं, हे ऑफिसात कुणी बोललं नाही.
छत्तीस फॉर्म दिले, निळं पेन, गळ्यात ओळखपत्र,
आणि बजावलं, आधी हसायचं, मग बेल दाबायची.

ग्लदानी. तिबिलीसीचं उत्तर टोक. इमारत चौदा, नऊ मजले.
ज्याला जसं जमलं तसं त्यानं
हवेत एकेक खोली पुढे ढकललेली,
कुणी पत्र्याची, कुणी विटांची,
एकानं तर चक्क जुन्या बसच्या खिडक्या लावलेल्या.
द्राक्षाचा वेल पाचव्या मजल्यापर्यंत गेलाय,
नाणं न टाकता.
माझ्यासाठी एका पोरानं टाकलं.
"परत द्या हं," म्हणाला, आणि दुसऱ्यावर उतरला.

प्रश्न पहिला: इमारत पाडून नवी बांधण्यास आपण सहमत आहात का?
"दारात उभ्यानं कुणी असं विचारतं का?" म्हणाल्या त्सिआला.
मग पाऊण तास चेरीचा मुरंबा, काळा चहा,
पोर्तुगालात फरशा बसवणाऱ्या नातवाचे फोटो.
"नव्या घरात चूल उत्तरेला नको, एवढं लिही."
फॉर्मवर दिशा नाहीत.
मी 'सहमत'वर खूण केली.

चौथ्यावर नुगझार. हात मोठे, बोलणं कमी.
"क्षेत्रफळ मोजताना ही खोली धरणार?"
मी नकाशा उघडला. खोली त्यात नव्हती.
"लिफ्ट बंद होती त्या वर्षी,
विटा मी पाठीवर आणल्या, विसावा जिन्यात.
माझी मुलगी इथे वाढली.
लिही, की ती नकाशाबाहेर वाढली."
इतकं लिहायला जागा नव्हती. त्याला ते दिसलं.
मग त्यानंच पेन घेतलं आणि
'असहमत'वर अशी फुली मारली, की खालच्या कागदावर उमटली.

सहाव्यावर नवरा हो म्हणाला, बायको नाही.
एका दाराला एकच मत, नियम असा आहे.
मला जिन्यात उभं केलं.
आतून आधी आवाज, मग भांडी, मग काहीच नाही.
दहा मिनिटांनी फॉर्म दाराखालून सरकत आला:
'सांगता येत नाही.'

आठव्यावर मझेविनार. सुखुमीहून आलेली, त्या लढाईत.
"मागचं घर सोडलं तेव्हा
फॉर्म घेऊन कुणी आलं नव्हतं, पोरी.
तू निदान बेल वाजवलीस."
सगळे चौकोन तिनं रिकामे ठेवले.
'इतर सूचना', दोन ओळी,
तिथे तिनं तिकडचा पत्ता लिहिला,
गल्ली, घर नंबर, फाटकाचा रंगसुद्धा,
समासात चढून, मागच्या पानावर उतरून.
"तिथेही जाऊन विचार," म्हणाली. "भिंती आहेत अजून, असं ऐकते."
मी "बरं" म्हणाले.
का म्हणाले, कोण जाणे.

नवव्यावर कुलूप. शेजारीण दारापुढच्या मिरचीला पाणी घालत होती.
"ओतार? फेब्रुवारीतच गेला."
मी 'घरी नाहीत'कडे पेन नेलं.
"थांब. तो नाहीच म्हणाला असता.
पाण्याच्या नव्या पाईपला नाही म्हणाला, रंगाला नाही म्हणाला,
डॉक्टरला तर तीनदा.
नाहीत धर त्याला."
मयताचं मत धरता येत नाही, मी म्हटलं.
"मग मिरचीचं धर," ती म्हणाली, आणि झारी उलटी केली.

संध्याकाळी साहेबांचा फोन.
एकोणीस हो, आठ नाही, पाच सांगता येत नाही, तीन घरी नाहीत.
"पस्तीसच झाले."
एक कागद खराब झालाय, मी सांगितलं.
तो माझ्या पिशवीत आहे, घडी न घालता.

उतरायला लिफ्ट फुकट असते, हे तेव्हा कळलं.
अंगणात फासे खेळणारे म्हातारे वर बघेनात.
पोरगा कुठे दिसला नाही,
कोणत्या दाराचा, तेही विचारलं नव्हतं.